तुटलेली तार तुटली म्हणून सांगते का?

काकू, सुनीता, मंडळातले सगळे, आणि फर्स्ट शिफ्ट करून थेट इथं सेक्टर सहाला आलेले इन्स्ट्रुमेंट शॉपमधले माझे सोबती,

मंगळवारी चोपकर काका गेले. मले बोलता येत नाही, म्हणून लिहून आणलं आहे. काका असते तर म्हणाले असते, "साहेब, कागद ठेवा खाली, सरळ बोला." ठेवला कागद.

मी नवाकोरा इंजिनिअर म्हणून नागपूरहून इथल्या पोलाद कारखान्यात आलो, तेव्हा काका शॉपमध्ये सीनियर टेक्निशियन होते. भट्टीच्या भिंतीत तापमान सांगणाऱ्या सोळा तारा होत्या. भट्टी दुरुस्तीला बंद केली की भिंत निवली का, हे त्या सांगायच्या. मगच आपला माणूस जवळ जायचा. मी एक कार्ड बनवायला घेतलं; त्यावरचा एकच मायक्रोकंट्रोलर सोळाही तारा आळीपाळीनं वाचेल. मध्ये मल्टिप्लेक्सर, म्हणजे एका वेळी एकच तार पुढे सोडणारी चिप.

पण कोणती चिप? मी कॅटलॉग पाठ करून सगळ्यात कमी रेझिस्टन्सवाली निवडली. छाती फुगवून! काका चष्मा वर करून म्हणाले, "पुढचा अ‍ॅम्प्लिफायर करंट ओढतेच किती? मग रेझिस्टन्सले कावून रडून राहिले? गळती पाहा. बंद स्विचमधून किती झिरपते, अन् पॅनल तापल्यावर किती, ते पाहा." मी ऐकलं का? छे! मी इंजिनिअर ना!

कार्ड तयार झालं, अन् मोठ्या साहेबांसमोर डेमो दुसऱ्या दिवशी होता. सोळाही आकडे बरोबर येत होते. काकांनी स्क्रूड्रायव्हर घेतला अन् अकरा नंबरची तार सोडवली. आकडा गेलाच नाही. अरे बाप्पा! तार काकांच्या हातात, आणि अकराच्या जागी दहा नंबरचं तापमान. आधीच्या तारेचा उरलेला व्होल्टेज माझं कार्ड पुन्हा वाचत होतं. मेलेली तार शेजारणीचं उत्तर सांगत होती.

मी म्हणालो, "काका, उद्या होऊन जाऊ द्या, मग सुधारू." योजना बारगळली तर माझं कसं होईल, एवढंच डोक्यात. काका चिडले, पण आवाज चढवला नाही. "साहेब, या आकड्याच्या भरोशावर माणूस भिंतीजवळ जाईन. चालू तार तर कोणीबी दाखवते. तुटलेली तुटली म्हणून सांगते का, ते पाहा."

सकाळी मीच सांगितलं, कार्ड चुकीचं आहे. मोठे साहेब म्हणाले, "किसकी गलती?" मी तोंड उघडायच्या आत काका बोलले, "साब, हम दोनों की जाँच अधूरी थी." दोघांची? त्यांनीच तर पुरी केली होती! मले तेव्हा रडू आलं होतं, आज लपवत नाही.

वेळ मिळाला. कमी गळतीची चिप घेतली. एका तारेवरून दुसरीवर जाताना इनपुट आधी शून्यावर आणलं. तुटलेल्या तारेचा आकडा मर्यादेच्या पार वर ओढून नेईल असा मोठा रेझिस्टर लावला. मग काकांनी सोळाही तारा एकेक करून उपटल्या. सोळाही वेळा डिस्प्लेवर 'ओपन', म्हणजे तार तुटली, असं आलं. तेव्हा कुठं त्यांनी सही केली.

पुढच्याच दुरुस्तीत खरंच एक तार तुटली. दुरुस्तीवाले सदाशिवभाऊ अवजारं घेऊन भिंतीकडे निघालेले. 'ओपन' पाहिलं अन् परत फिरले. दुसऱ्या मीटरनं मोजलं, तर तिथली भिंत अजून धगधगत होती; माझ्या पहिल्या कार्डानं शेजारच्या निवलेल्या जागेचा आकडा दाखवला असता.

काका गेले याचं दुःख आहेच. पण मी निराश नाही. शॉपमधली पोरं आज तार उपटल्याशिवाय कशावरच सही करत नाहीत. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलं आहे? कुठंच नाही. काकांचं पाहून शिकले.

सदाशिवभाऊ मागच्या रांगेत बसले आहेत, नातीला मांडीवर घेऊन. भाऊ, आधी तुम्ही उभे राहा. मग आम्ही सगळे उभे राहतो, अन् काकांसाठी दोन मिनिटं गप्प राहतो.