गुढी थांबली, फायनल नाही

ऐका गं बायांनो. आयर्लंडातल्या स्वोर्ड्स गावात एक होता संजू, माझा लेक. एक होती त्याची पोर इरा. आणि त्यांच्याकडं राहायला गेलेली मी. इराला बास्केटबॉलच्या संघात जायचं होतं. संजू म्हणे, "उंची कुठंय तुझी?"

पाडव्याच्या सकाळी टीव्हीवर ऑस्ट्रेलियातल्या बास्केटबॉल लीगची फायनल लागली. तिकडं संध्याकाळ, इकडं गुढीची वेळ. एका संघात बाकीच्यांच्या काखेखाली मावेल एवढा बुटका गडी. इरा ओरडली, "आजी, लुक ॲट युअर मॅन!" म्हणजे तिकडच्या बोलीत, 'त्या गड्याकडं बघ!'

संजू तांब्या घेऊन आला. "आई, मुहूर्त टळतोय. बंद कर ते."

"गुढी थांबेल. तू बस खाली."

"बरं, हा बुटका जिंकला तर इराला पाठवतो!"

बुटका हरला की हो, थोडक्यात. संजू हसला, "संपला विषय."

मी म्हटलं, "हरला, पण शेवटपर्यंत त्याला कुणी बाहेर बसवलं का? तू तर पोरीला खेळायच्या आधीच बसवतोस. आधी तिचं नाव दे, मग गुढीला हात लाव."

दिलं नाव. आता इरा संघात खेळते, आणि कडेला उभा राहून सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो तो माझा लेक.