इतक्या घाईनं निघू नगं

आणि लोक म्हणतात, टीव्हीवर आलं की माणसाचं भलं होतं! कुणाचं? बन्सीला विचारा की… करमाडचा बन्सी, शेंद्र्याच्या कंपनीत मशिनीवर असतो तो! तुम्हाला सांगतो, ह्या गड्याची बायको सोनिया लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली, देवगाव रंगारीला, तर ह्यानं स्टॅण्डवरच गाणं रचलं, 'थांब गं जरा, इतक्या घाईनं निघू नगं'… मोबाइलवरून नेटवर टाकलं, तीन वर्षांत किती वेळा वाजलं? एकशे बारा! त्यातल्या साठ वेळा तर सोनियानंच लावलेलं!

मग पुण्याहून फोन. मंदार म्हणून कुणी जाहिरातवाला. "सर, काय तळमळ आहे हो तुमच्या आवाजात! आम्हाला फक्त दहा सेकंद हवेत." बन्सी असा हुरळला, की जाहिरात कशाची ते विचारलंच नाय! मॅचच्या दिवशी सगळी गल्ली घरात, सोनिया नवी साडी नेसून पुढं बसलेली… आणि लागली की हो जाहिरात! लग्नाचा मांडव, सुटातला नवरदेव पोट धरून सुसाट पळतोय, आणि मागून आपला बन्सी कळवळून गातोय, 'थांब गं जरा, इतक्या घाईनं निघू नगं'… जुलाब थांबवायची गोळी हो! जुलाबाची!

आणि दुसऱ्या दिवसापासून जे वाजायला लागलं, काय विचारता! रिक्षात तेच, वरातीत तेच, लाखांनी लोक ऐकतायत! आता मला सांगा, गाणं तेच, गळा तोच, मग झालं काय? तीन वर्षं ही लाखभर माणसं काय बहिरी होती? संभाजीनगरात कार्यक्रमाला बोलावलं, बन्सी डोळे मिटून दुसरं कडवं घेतोय तर पब्लिक ओरडतंय, "अरे वो छोड भाई, गोलीवाला सुना!" आणि अख्खं मैदान पोट धरून नाचतंय! दुसरं कडवं राहिलं तसंच… त्यात सोनियाच्या हिरव्या बांगड्या होत्या हो!

सोनियाचं म्हणणं एकच, "माझं गाणं व्हतं ना ते? आता मी दळण घेऊन निघाले तरी बाया पोट धरून हसत्यात!" उचलली कपड्यांची पिशवी, निघाली माहेरी. बन्सी दारातून कळवळला, "थांब गं जरा…" झालं! सगळी गल्ली फिस्सकन हसली! स्वतःच्या बायकोला थांब म्हणायची सोय राहिली नाय माणसाला… गाणं तेच, गळा तोच, मग झालं काय?

शेवटी गेला देवगावला. पेटी नाय, माइक नाय, सासरच्या अंगणात भरदुपारी उभा राहिला आणि तिन्ही कडवी म्हणाला. बांगड्यांचं कडवं आलं, तेही शेवटपर्यंत रेटलं… आणि दाराआडून सोनिया बाहेर आली, रडत रडत, पिशवी घेऊनच! बन्सीला वाटलं, चला, एकदाचं कुणीतरी गाणं ऐकलं! सासूबाई, चतुराबाई, टीव्हीपुढून कधी न उठणारी बाई, तीसुद्धा उठून आली, पदरानं डोळे पुसले, जावयाच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "लई सोसलंत, जावईबापू… आता पोट कसं हाय?"

बन्सीनं सोनियाकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं, आणि हात जोडले.

"बरं हाय, मामी. सकाळपासून एकदाच."