ड्रायर नसलेलं पार्लर

नाही, नाही, उठू नका ताई, पाणी मानेवरून आत जाईल — थांबा, टॉवेल नीट गुंडाळते — हं. आता ऐका. ड्रायर बिघडलेला नाहीये. लाइटही गेलेली नाहीये. ड्रायर नाहीच आहे. म्हणजे आतल्या खोलीत नाही, कपाटात नाही, कुठेच नाही, हे पार्लरच बिनड्रायरचं आहे. बाहेर लिहिलंय की पाटीवर, ‘येथे केस वाळवून मिळत नाहीत’ — खाली, बारीक अक्षरात — हो, त्याच्यापुढे ती कुंडी आलीये खरी, सरकवते मी नंतर. आणि तुम्ही ‘ब्लो ड्राय’ म्हणालात ते मला कळलं, पण कधी? शॅम्पू झाल्यावर! आधी म्हणालात? दारातच? असेल. खरं सांगू, दारात तुम्ही काय बोललात त्याकडे माझं लक्षच नव्हतं. तुम्ही दार ढकललंत, मी हाताला धरलं आणि थेट बेसिनवर. चूक माझी. पण बेसिनवर बरं वाटलं की नाही? डोळे मिटले होते तुमचे. मी पाहिलं.

तर मुद्दा असा. केस ओले होतात, मग ते वाळतात. आपोआप! जगात अशी किती कामं आहेत हो, जी काहीही न करता होतात? भांडी आपोआप घासली जात नाहीत, मुलं आपोआप मोठी होत नाहीत — म्हणजे होतात, पण बघा कशी होतात. केस मात्र तुम्ही नुसत्या बसून राहिलात तरी वाळतात, आणि नेमके त्याच कामाचे आपण पैसे मोजतो! आणि टिकतं किती? पुढच्या आंघोळीपर्यंत. हवा जरा दमट असली तर कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत. तेवढ्यासाठी डोकं भाजून घ्यायचं? मी शिकले ना तिकडे, लांब — केसांचं शास्त्रच शिकले, चेष्टा नाही — तिकडे आम्हाला भिंगाखाली केस दाखवायचे. ताई, वर्षानुवर्षं गरम हवा खाल्लेला केस भिंगाखाली बघाल तर रडाल. चटई कडेला उसवते ना, तसा. आणि खरी लबाडी वेगळीच आहे, ती केसांची नाही, कापणाऱ्याची आहे. केस कापले की लगेच फुलवून का देतात? कारण फुलवलेल्या केसांत वाकडं कापलेलं दिसत नाही! ब्लो ड्राय म्हणजे कात्रीच्या चुकांवर घातलेलं पांघरूण. तुम्ही घरी जाता, दोन दिवसांनी डोकं धुता आणि कळतं, डावीकडे एक नि उजवीकडे भलतंच. मग दोष कुणाला देता? स्वतःला! ‘मला मेलीला सेट करता येत नाही.’ अहो, तुम्हाला येऊन काय होणार, कापलंच वाकडं! म्हणून मी इथे परत आल्या आल्या ठरवलं — माझ्याकडून बाई ओल्या केसांनी बाहेर पडेल, पण खऱ्या केसांनी पडेल. हसू नका. हसलात तरी चालेल, मान हलवू नका, गुंता काढतेय. कात्री? नाही हो, कात्री नुसती हातात आहे, सवय. काही कापत नाहीये.

कुठे जायचंय म्हणालात — जाऊबाईंकडे. सगळ्या घराचा फोटो. आणि मागच्या फोटोत — दाखवा, दाखवा — अरे देवा. नाही, तसं नाही, छान आहे, मागची भिंत छान आली आहे. आणि ह्या मधोमध कोण, हेल्मेट घातल्यासारख्या? ह्याच जाऊबाई? हं. हा ब्लो ड्राय आहे बरं का, आणि महागातला आहे. आणि तुम्ही ह्या कडेला, अर्ध्या — हो, केस जरा बसलेत. जरा म्हणजे, गाईच्या जिभेखालून आल्यासारखे बसलेत. पण ताई, त्यात तुम्ही तुम्ही आहात! फोटो भिंतीवर लागणार, तुम्ही-आम्ही जाऊ, पण फोटो राहणार, आणि त्यात तुम्ही जन्मभर खोट्या केसांनी उभ्या राहणार आहात का?

‘हो’ काय? थोडा तरी विचार करा! एवढ्या पटकन ‘हो’?

तिकडे काय बघताय? समोर. बघा, बघा, काच केवढी लावलीये, न बघून काय करणार. तिथे मिळतो ब्लो ड्राय, मी खोटं बोलणार नाही. पण कशाला जाता? सगळा देखावा. आरशाला दिवे, खुर्चीला गादी, वर पाणी विचारतात, लिंबाची चकती टाकून. आणि ती तिसऱ्या खुर्चीवरची — उंच, जांभळा झगा घातलेली — ती तुम्हाला पकडेल. रांग तिच्याकडेच असते. ती आधी डोक्यावर असा हात ठेवते, काही करत नाही, नुसता ठेवते, आणि म्हणते, ‘कुणी छळलं गं तुला एवढं?’ — सगळ्यांना तेच म्हणते! ऐंशीच्या आजीला पण! — आणि बाई विरघळली. मग मानेच्या मागून सुरुवात करते, गोल ब्रश डाव्या हातात, कारण उजवं मनगट दुखतं तिचं, पण सांगणार नाही कुणाला. मध्येच स्वतःच्या हातावर हवा मारून बघते, फार गरम नाही ना म्हणून, त्यामुळे तिच्या हातावर इथे केसच उरलेले नाहीत. आणि बोलते! ड्रायरच्या आवाजात तिचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, बायकांचं तिला ऐकू येत नाही, आणि दोघी खूश. अर्धी गल्ली आपापली गुपितं तिच्या ड्रायरमध्ये ओरडून आली आहे. झालं की आरसा मागे धरते आणि म्हणते, ‘जा, आता भांड कुणाशी भांडायचं ते.’

मला कसं माहीत? दिसतं ना इथून.

मनगट? मनगट इथून दिसत नाही, बरोबर. तुम्ही शाळेत शिकवता का? वाटलंच.

आई आहे ती माझी.

आता असं बघू नका. हो, माझी सख्खी आई, समोरच्या दुकानात, पगारावर. आणि हे पार्लर तिचंच होतं. मी परत आले तेव्हा तिने चाव्या हातात दिल्या, म्हणाली, घे, आता तुझं. मी दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की आपण केस वाळवणार नाही. ती हसली. तिला वाटलं, नवी नवलाई आहे, उतरेल. मग एक जुनी गिऱ्हाईक ओल्या डोक्याने घरी गेली आणि शिंकत शिंकत परत आली भांडायला, तेव्हा आई म्हणाली, तू सोल नाकाने कांदे, मी निघाले — आणि ड्रायर बरोबर घेऊन गेली. रुसून माहेरी जाणारी दागिने नेते ना, तशी. मागोमाग गिऱ्हाइकं गेली. केसाने गळा कापला हो माझ्या आईने, आणि वर तो केस फुलवून दिला! घरी? घरी झकास चाललंय. एका ताटात जेवू अशा आहोत. फक्त दोन्ही दुकानांचं नाव काढायचं नाही, आणि रस्त्यावर ओळख दाखवायची नाही, हा करार. म्हणजे सकाळी एकत्र निघतो, चौकापर्यंत बडबड, आणि चौक आला की ती अनोळखी बाई. मी तिला म्हटलं होतं एकदा, अगं, तुला कळतं का, तू जे विकतेस ती नुसती हवा आहे. तर म्हणते, तुला वाटतं बायका केस वाळवायला येतात? त्या घरी जायला उशीर करायला येतात. यावर माझ्याकडे उत्तर आहे. अजून सुचलेलं नाही एवढंच. आणि माझं शिक्षण तिच्या ड्रायरवर झालं हे म्हणू नका, प्लीज, ते मला सगळे म्हणतात. ठाऊक आहे मला. ज्या भिंगातून मी तो केस बघून रडले, ते भिंगसुद्धा तिच्या ड्रायरवरच आलं होतं. म्हणून काय केस उसवायचा थांबतो का?

काय? माझे? माझे केस… असेच आहेत. झोपून उठले की असेच असतात.

बरं. नाहीत. सकाळी तिनेच करून दिले. स्वयंपाकघरात, स्टुलावर बसवून. मी मागितलं नव्हतं! म्हणजे मी स्टुलावर जाऊन बसले होते, पण मागितलं नव्हतं. त्याचं असं आहे की आज जागेचे मालक येणार आहेत. करार संपतोय. समोरच्या पार्लरवाल्या मॅडमना ही जागा हवी आहे, इथे त्यांना नखांचं दुकान काढायचंय — नुसत्या नखांचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत नखं! — आणि मालक म्हणाले, मी दुपारी येऊन बघतो, तुमच्याकडे कुणी येतं का, चालत असेल तर तुमचंच राहू दे, नसेल तर मला रिकाम्या खुर्च्यांचं काय करायचंय. माणूस वाईट नाही. तर आई म्हणाली, मला काय त्याचं, दुकान तुझं, पण अशा अवतारात करार मागायला गेलीस तर मालक तुला सुट्टे पैसे देऊन वाटेला लावतील. आणि ड्रायर लावला. आणि ताई, लाज वाटते सांगायला, पण मी रस्त्याने आले ती अशी आले — मान अशी. दुधाच्या दुकानदाराने ‘काय मॅडम’ म्हटलं मला. रोज नुसतं ‘काय’ म्हणतो. शास्त्रात याला काही आधार नाही! एकाच डोक्यावरचे तेच केस! पण मी मालकांसाठी जे भाषण पाठ केलं होतं ते मला पहिल्यांदा खरं वाटलं.

म्हणजे आता तुम्हाला कळलं. हो. म्हणून मी तुम्हाला न विचारता बेसिनवर नेलं, आणि म्हणून हा गुंता काढतेय, जो तुमच्या केसांत कधी नव्हताच. सकाळपासून तुम्ही पहिल्या. सकाळपासून कसल्या — कालही कुणी नव्हतं. मला फक्त खुर्चीत कुणीतरी हवं होतं, मालक येऊन जाईपर्यंत. ओलं का असेना. मी तुम्हाला फोटो आणि सत्य वगैरे जे सांगितलं ते खोटं नाही हं, मला ते मनापासून वाटतं, पण सांगत होते ते तुम्ही उठू नये म्हणून.

नका ना उठू. थोडं. अगदी — बरं. नाही, तुमचं बरोबर आहे. जाऊबाई वाट बघत असतील, हेल्मेट घालून. टॉवेल राहू द्या डोक्याला, तसाच घेऊन जा, समोर तिसऱ्या खुर्चीवर जा, माझं नाव सांगू नका — सांगायची गरजच नाही, टॉवेल ओळखेल ती, तिनेच काठ शिवलेत. आणि त्याच वेळी मालक कोपऱ्यावरून येतील, आणि माझी एकुलती एक गिऱ्हाईक, डोक्याला माझा टॉवेल, रस्ता ओलांडून समोर चाललेली बघतील. मस्त. करारावर सहीच करतील. नखांच्या.

थांबा. एकच मिनिट. दाराशी थांबा, दार धरा माझ्यासाठी, मला हात लांब करून — आई! ए आई! — हो, बघा सगळ्यांनी, बघा, माझी आई आहे ती! — आई! इकडे ये! — नाही ऐकू जायचं हो तिला, कानाशी ड्रायर, मी म्हटलं ना, तिला कुणाचंच ऐकू — वळली. कसं ऐकलं? माझ्याकडे नाही बघत. तुमच्याकडे बघतेय. तुमच्या डोक्याकडे. गेलं, आता तोंड बघा तिचं, तिच्या दारातून कुणी गळत्या केसांनी बाहेर पडलेलं तिला सहनच — येतेय! झगा तसाच, ड्रायर हातात, वायर मागे रस्त्यावर लोळतेय — आई, गाडी! गाडी बघ! — आणि तिच्या मागे ती कोण? अगं बाई, ती तिची गिऱ्हाईक! अर्ध्या डोक्याची! एक बाजू फुललेली नि दुसरी चिकटलेली, गळ्यात समोरच्यांचं कापड, आणि धावतेय, ‘अहो माझं राहिलंय, माझं राहिलंय’ करत — टेम्पोवाला थांबून बघतोय दोघींकडे. मॅडम दारात आल्या, कंबरेवर हात. लिंबूपाणी नाही विचारलं आज कुणी त्यांना.

या, या, बसा, तुम्ही ह्या खुर्चीत, अर्ध्या ताई — हो, रिकामीच आहे. तुम्ही पण बसा, ताई, फोटो हुकणार नाही तुमचा, बसा. आई, हे बघ, मी माघार घेतलेली नाहीये. तत्त्व तत्त्वाच्या जागी आहे, भिंगात मी पाहिलंय ते पाहिलंय, ह्यांना कळायलाच हवं की हे आंघोळीपर्यंतच — प्लग? तो नको, तो चालत नाही, बेसिनपाशी लाव. ब्रश माझ्याकडे कुठला, तुझ्याच खिशात आहे. मनगट दुखेल, मी धरते ड्रायर, तू नुसता ब्रश — बरं, नको तर नको. हो, ऐकलं मी, ‘कुणी छळलं’ म्हणालीस, मी छळलं, झालं? आणि आई, ते बघ. मालक. पायरीवर पाय पुसताहेत. मी बोलते त्यांच्याशी, भाषण आहे माझं, केसांचं आरोग्य आणि प्रामाणिक व्यव — नको?

थोडंसं?

बरं. टॉवेल धरते.