गुडघ्यापर्यंतचे झगे

चर्चच्या गायकवृंदाच्या झग्यांना कापड फुकट द्यायचं आणि उद्या भर प्रार्थनेत स्वतःचं नाव गाजवून घ्यायचं, असा कापडवाल्याचा हिशेब होता. शिवलेले झगे बघायला तो गज हातात घेऊनच शिंप्याच्या दुकानात आला आणि ओरडला, तशी आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या मावशींनी कान टवकारले.

"मास्तर, झगे गुडघ्यापर्यंतच? लोक मला हसतील!"

"शेठ, कापडच कमी भरलं."

"अहो, ह्या गजाने मी स्वतः मोजलंय!"

"आणा इकडे. ही माझी टेप. बघा, तुमचा गज चार बोटं आखूड."

"वापरून झिजला असेल."

"झिजला तोही तुमच्याच फायद्याचा! आणि उद्याचं गाणं ठाऊक आहे ना? आमोस संदेष्ट्याचं. देव म्हणतो, तुमची गाणी नकोत मला, आधी खोटी मापं टाका, गरिबाला न्याय द्या."

"दुसरं गाणं नाही बसवलं?"

"बसवलंय की. यशया संदेष्ट्याचं. विधवेची बाजू घ्या म्हणतो."

मावशींना राहवेना. "मग माझी घ्या, शेठ. तुमच्या कापडाचे पडदे खिडकीत अर्ध्यावर लोंबतात. समोरच्यांना माझं अख्खं स्वयंपाकघर दिसतं. मीठ विसरले तर तिथून ओरडून सांगतात!"

"बरं बाई, झग्यांचं राहिलेलं देतो, तुमचंही देतो."

"कुठल्या गजाने?"

"मास्तरांच्या टेपने! आणि हा गज घेऊनच जा. पडद्याला दांडी करा."

"आखूड पडेल हो!"

झग्यांचं कापड कापडवाल्याने भरून दिलं, पडद्यांचंही त्यानेच. दुसऱ्या दिवशी भर प्रार्थनेत नाव मात्र गाजलं ते आमोसाचं.