माझ्या बायकोनं रस्त्यावरचे दिवे कोर्टात नेले

...आणि वर लोक मलाच विचारतात, "तुम्ही तिला अडवलं नाही का?" आता तुम्हाला सांगतो, जी बाई शिडीच्या गाडीवर चढून भर पावसात खांबावरचा दिवा बदलते, तिला मी अडवणार? मी, फ्यूज गेला की मेणबत्ती शोधणारा माणूस? माझी बायको आहे म्हणून सांगत नाही, पण शहराच्या निम्म्या रस्त्यांवर उजेड असायचा तो हिच्या कंपनीमुळे. कंपनी म्हणजे काय, तर ही, एक शिडीची गाडी आणि हिचे वायरमन. पण काम चोख.

यंदा नगरपालिकेनं दिव्यांच्या देखभालीची नवी निविदा काढली. हिनं भरली. निकाल काय आला? "अपात्र." बस, एक शब्द. आणि काम कोणाला, तर समारंभांना रोषणाई करणाऱ्या एका कंपनीला, म्हणजे नवरानवरीच्या मागं रंगीत माळा सोडणाऱ्या लोकांना. रस्त्यावरच्या दिव्यांचा अनुभव पाहिजे अशी अट होती की हो... ती निविदा उघडल्यावर गुपचूप सैल केली. ही गेली पालिकेच्या अभियंत्याकडे. तो नाकातून म्हणाला, "बाई, रोषणाई काय नि दिवे काय, उजेड पडल्याशी कारण." ही म्हणाली, "मी अपात्र का, तेवढं सांगा." तर म्हणे, "वरून आलंय." वर कोण? वर पंखा होता, तोही बंद.

मी म्हटलं, सोड ना, पालिकेशी वैर कशाला, उद्या आपल्या नळाला पाणी येणार नाही. ती म्हणाली, "तुम्ही बादल्या भरून ठेवा." आणि गेली वकिलाकडे. हा वकील घसा खाकरल्याशिवाय बोलत नाही. "हे बघा ताई, अं... हायकोर्ट तुम्हाला कंत्राट देणार नाही. कोणाचा दिवा चांगला, ते कोर्ट ठरवत नाही. निर्णय सरळ मार्गानं घेतला का, एवढंच बघतं." मला वाटलं, सुटलो, आता येईल घरी. ही म्हणते, "मला तेवढंच पाहिजे." माझी बायको आहे म्हणून सांगत नाही, पण वकिलाचं खाकरणं तिथं थांबलं.

सुनावणीला मी मागच्या बाकावर. पालिकेचा वकील उठला, आवाज अगदी शोकसभेतला, "काम अडलं तर शहर अंधारात जाईल..." न्यायमूर्ती बाई होत्या. शांतपणे म्हणाल्या, "शहराचं नंतर बघू. आधी तुमच्या निर्णयावर उजेड पाडा. यांना अपात्र का ठरवलं?" वकिलानं मागं अभियंत्याकडं बघितलं. अभियंत्यानं त्याच्या मागं बघितलं. त्याच्या मागं भिंत. "आणि अट सैल केली ती कोणासाठी?" भिंतही काही बोलेना. कंत्राट रद्द. निविदा पुन्हा काढा, आणि ज्याला नाकाराल त्याला कारण द्या.

मी आनंदानं माझ्या सगळ्या ऑफिसला चहा पाजला, म्हटलं, काम आता आमचंच समजा. पुन्हा निविदा निघाली आणि काम गेलं... तिसऱ्याच कंपनीला. वायरमनांचे चेहरे उतरले. हिनं पालिकेचं उत्तर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या कंपनीचा दर कमी, गाड्या जास्त, अनुभव पक्का. म्हणाली, "हे खरं आहे. हरलो आपण, पण या वेळी आपली निविदा कोणीतरी शेवटपर्यंत वाचलीय." आणि मग शाळा, दवाखाने, सोसायट्या असं दारोदार फिरून कामं आणली, एकाही वायरमनला घरी बसू दिलं नाही. तो अभियंता आता प्रत्येक नकाराखाली कारण लिहितो, आणि लिहिताना म्हणे दाराकडं बघत असतो. माझी बायको आहे म्हणून सांगत नाही... नाही, खरं तर माझी बायको आहे म्हणूनच सांगतो.

त्रास आता आहे तो मला. घराला रंग द्यायचा होता, मी आपलं मामेभावाला सांगून टाकलं, ये सोमवारी. आला बिचारा डबे-ब्रश घेऊन. हिनं दारातच विचारलं, "भावजी, तुमची निवड कोणत्या निकषावर झाली?" तो माझ्याकडं बघायला लागला. मी काय सांगणार... मामाचा मुलगा, हाच निकष. काम रद्द. मामेभाऊ बोलत नाही. दोन दरपत्रकं आलीत, तिसऱ्याची वाट बघत मी रोज सकाळी भिंतीचे पोपडे झाडतोय.