आरतीचा दिनविशेष

तुम्हाला सांगते, परिपाठातल्या टाळ्यांचा मला आता धसकाच बसलाय. आमची शाळा खुटबावच्या पुढं, वस्तीवरची. रोज सकाळी प्रार्थनेनंतर एक जण दिनविशेष वाचतो: आजच्या तारखेला काय घडलं, कोण थोर माणूस जन्मलं, कोण वारलं. वाचून झालं की पोरं टाळ्या वाजवणार म्हणजे वाजवणारच. कोण आलं, कोण गेलं, त्यांना काही पडलेली नसते.

परवा चौथीतल्या आरतीची पाळी होती. तिनं सगळे थोर लोक वाचले, कागदाची घडी घातली आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "आजचा जन्म, आरती. आजचा मृत्यू, आरतीची आई. बाळंतपणात."

झालं! पोरांनी सवयीनं टाळ्यांचा कडकडाट केला. माझं डोकंच फिरलं.

"गप बसा रे! लाज वाटत नाही?" मी अशी ओरडले की सगळी शाळा चिडीचूप.

आरतीनं हळूच माझा पदर ओढला.

"बाई, वाजवू द्या की. घरी आज आईच्या फोटोला हार घालत्यात, आन् माझ्याशी कुणी बोलत बी न्हाई."