कट् वाजेपर्यंत

"कट् वाजेपर्यंत फिरव गं पोरी, झाकण अर्ध्यावर सोडू नकोस." लहानपणी पेट्रोल पंपावर ऐकलेलं बाबांचं ते लाडाचं बोलणं गॅरेजच्या बाकावर बसलेल्या लेकीला आठवलं. समोर बाबा मिस्त्रीशी हुज्जत घालत होते.

"टाकीचं नवं झाकणही खराबच निघालं. गाडीत पेट्रोलचा वास येतोच आहे."

"झाकण ठणठणीत आहे, काका. तुम्ही शेवटपर्यंत फिरवत नाही. लावा बघू."

"हे घ्या, लावलं."

"कट् कुठं वाजलं?"

बाबांनी कान झाकणाजवळ नेला. लेक उठून जवळ आली.

"हात झाकणावरच ठेवा, बाबा. मी वरून धरते. हं, फिरवा."

"अगं! बोटांत टिचकी बसली!"

"कळली ना?"

"केवढं नवल गं! वर्षभर हे कट् मला ऐकूच येत नव्हतं. आज बोटांना ऐकू आलं."